वसंतातील चार निवांत दिवस

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन वर्गाबाहेर पडताना सर्वांच्या मुखी एकच प्रश्न असतो, "सुट्टीत कोठे जाणार?" कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, तर कोणी गोव्यास जाणार म्हणून सांगतो, आणि ज्यास कोठेच जावयाचे नसते तो काहीतरी पुटपुटून तेथून काढता पाय घेतो. गतवर्षी आम्हां पाच मित्रांची गणना या शेवटच्या प्रकारात होत होती. त्याच सुमारास वाचनालयातील एका पुस्तकात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत लोक वसंत ऋतूतील सुट्टी कशी घालवितात, याचे वर्णन आमच्या वाचनात आले. ते वाचून प्रथम हेवा वाटला. नंतर विचार आला की, आपल्या खानापूर तालुक्यात खेडी नाहीत काय? आणि वसंत तरी येत नाही काय? त्या विचारातून जे घडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम फ्रान्सची हकीकत सांगणे योग्य होईल. हा देश सुमारे ४२ ते ५१ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान वसलेला आहे. तेथील हिवाळ्यात दिवस लहान व थंडी कडक. ओक, चेस्टनट यांसारखे वृक्ष थंडीमुळे आपली पाने गाळून उभे असतात. मार्च महिन्यात दिवस व रात्र समान होऊन पुढे दिवस वाढू लागला की फांद्यांना कोंब फुटतात, कुरणे हिरवी होतात आणि घरात कोंडलेली माणसे बाहेर पडतात. शाळांना या ऋतूत सुमारे दोन आठवड्यांची सुट्टी असते. सर्व देशातील मुले एकाच वेळी प्रवासास निघून गर्दी होऊ नये, म्हणून देशाचे तीन विभाग पाडून सुट्टीच्या तारखा मागेपुढे ठेवितात.

परंतु सुट्टी ही पूर्वी तेथेही श्रीमंतांचीच मिरास होती. १९३६ साली कायदा होऊन कामगारांस वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली, तेव्हा कोठे गिरणीत राबणाऱ्या माणसाने निवांतपणे शेत व नदी पाहिली. पुढे १९५१ साली प्रोव्हान्सच्या डोंगराळ भागात एका खेड्यातील जुने घर दुरुस्त करून शहरवासीयांस राहण्यासाठी भाड्याने देण्यात आले. ही प्रथा देशभर पसरली. शहरातील माणसास विसावा मिळाला, शेतकऱ्यास चार पैशांचा आधार झाला आणि पडीक घरे सावरली. तेथे येणारा पाहुणा धावपळ करीत नाही; एकाच गावी राहतो, पायी हिंडतो, गावचे अन्न खातो. निवांतपणा हेच त्या सुट्टीचे मर्म होय.

आता आपला वसंत पाहू. आपल्याकडेही चैत्रापूर्वी झाडे पाने गाळतात. मात्र त्याचे कारण थंडी नव्हे, तर पाण्याची टंचाई. पावसाळा संपल्यावर जमिनीतील ओल हळूहळू आटते. पानांवाटे पाण्याची वाफ सतत होत असते. म्हणून पाने टाकून देऊन झाड आपल्याजवळचे पाणी राखते. अशा निष्पर्ण फांद्यांवर पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. पानांचा आडोसा नसल्यामुळे ती लाल-केशरी फुले पक्ष्यांना दुरून दिसतात. मधासाठी आलेल्या मैना व सूर्यपक्षी यांच्या अंगास पराग लागतात आणि ते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. त्यानंतर भर उन्हात, पावसाचा थेंबही पडलेला नसताना, कुसुंबासारख्या झाडांना तांबूस पालवी फुटते. खोल गेलेल्या मुळांना जमिनीच्या पोटातील ओल मिळते, म्हणून हे शक्य होते; आणि कोवळ्या पानांतील तांबडे द्रव्य प्रखर उन्हापासून त्यांचे रक्षण करते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. फ्रान्सचा वसंत थंडीतून सुटकेचा आहे. आपला वसंत उन्हाशी दिलेल्या झुंजीचा आहे.

आमच्या एका वर्गबंधूचे घर कणकुंबीच्या बाजूस रानाजवळ आहे. त्याच्याच आमंत्रणावरून आम्ही चार दिवसांचा बेत आखला. नियम तीनच ठरले: घाई करावयाची नाही, शक्य तेथे पायी जावयाचे आणि ज्या घरी राहू तेथील कामास हात लावावयाचा.

पहिला दिवस खानापूरजवळच असोगा येथे काढला. मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचे देवालय आहे. नदी खडकांतून बारीक धारेने वाहत होती. पाण्यात पाय सोडून आम्ही दुपारभर बसलो आणि दूरवर 'पेर्ते व्हा' असे ओरडणाऱ्या पावशा पक्ष्याची हाक ऐकली. वर्षातून कितीदा तरी या नदीच्या पुलावरून आम्ही गेलो असू. पण तिच्याजवळ बसलो तो हा पहिलाच दिवस.

दुसरा दिवस नंदगड व हलशी या गावांसाठी. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ साली इंग्रजांशी झुंज दिली. त्यांच्यामागे संगोळ्ळी रायण्णा यांनी लढा चालू ठेविला. २६ जानेवारी १८३१ रोजी त्यांना नंदगड येथे फाशी देण्यात आले. तेथील त्यांच्या समाधीपाशी वडाच्या सावलीत आम्ही काही वेळ निःशब्द उभे राहिलो. पुढे हलशी. प्राचीन कदंब राजांच्या काळी हिचे नाव पलाशिका होते आणि ती त्यांची दुसरी राजधानी मानली जाई. वाटेवर पळसाची उरलीसुरली फुले पाहताना ते नाव अगदी सार्थ वाटले. येथील भूवराह-नरसिंह मंदिर गोव्याच्या कदंबांच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकाच्या सुमाराचे. त्यात समोरासमोर दोन गर्भगृहे आहेत. मंदिराच्या गार दगडावर आम्ही शिदोरी सोडली. एकेकाळी राजधानी असलेले गाव आज शांतपणे भातशेती करीत आहे, हे पाहून इतिहासाच्या पुस्तकातील सनावळीस एकाएकी अर्थ आला.

तिसऱ्या दिवशी जांबोटीमार्गे कणकुंबीस पोहोचलो. तेथे माउलीचे देवालय आहे आणि गावातच मलप्रभेचा उगम आहे. भूगोलातील 'जलविभाजक' हा शब्द आम्ही पाठ केला होता. तो येथे डोळ्यांनी पाहिला. उगमापासून निघालेली मलप्रभा पूर्वेकडे सुमारे ३०० किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. याच परिसरातील कळसा ओढा मात्र पश्चिमेची वाट धरून म्हादईस मिळतो; भीमगडच्या रानातील झऱ्यांतून निघालेली ही म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्रास भेटते. एकाच माथ्यावर पडलेले पावसाचे दोन थेंब हातभर अंतरामुळे दोन समुद्रांना जातात! या पाण्याच्या वाटणीवरून कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या राज्यांत मोठा वाद झाला. त्यासाठी २०१० साली लवाद नेमण्यात आला व २०१८ साली त्याने आपला निवाडा दिला. तरीही वाद पुरता मिटला नाही. मलप्रभेच्या खोऱ्यातील तहानलेल्या गावांचे म्हणणे आहे, तसेच म्हादईच्या रानाचे व खालच्या गावांचेही म्हणणे आहे. उगमाशी उभे राहिल्यावर दोन्ही बाजू एकदम दिसतात, एवढेच आम्ही नम्रपणे सांगू शकतो.

त्या रात्री मित्राच्या आजींनी तांदळाची भाकरी व आमसुलाचे सार वाढले. त्या म्हणाल्या, "पोरांनो, तुम्हाला सुट्टी, आम्हाला हीच खरी घाई. पाऊस लागला की चार महिने बाहेर पडता येत नाही." चौथ्या दिवशी त्या बोलण्याचा अर्थ उमगला. पहाटेपासून घरातील सर्वजण कामास लागले होते. काजू वेचणे, लाकूडफाटा घरात घेणे, गुरांसाठी वैरण रचणे, कौले परतणे, फणसाचे पापड वाळविणे, अशी ही पावसाळ्याची बेगमी. आम्हीही कौले हातोहात वर दिली. आमचा हा मित्र पावसाळ्यात शाळेत वारंवार गैरहजर का असतो, हेही त्याच दिवशी कळले. ओढ्यास पाणी चढले म्हणजे त्याची वाटच बंद होते. त्याच्या गैरहजेरीवरून आम्ही वर्गात त्याची थट्टा करीत असू. त्या थट्टेची आम्हांस मनापासून लाज वाटली. येताना आम्ही त्यास वचन दिले की, पावसाळ्यात बुडालेल्या प्रत्येक दिवसाचा अभ्यास आम्ही पाळीपाळीने उतरवून ठेवू. ते वचन या वर्षी पाळले आहे.

भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथील बारापेडे गुहांत राहणाऱ्या एका दुर्मिळ वटवाघळाचे वर्णन १९१३ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आणि पुढे कित्येक दशके ते जगात अन्यत्र कोठेही आढळले नव्हते. आम्ही त्या गुहांकडे गेलो नाही. परवानगीवाचून रानात शिरणे गुन्हा आहेच; शिवाय गडबडीने वटवाघळे आपली जागा सोडतात. काही ठिकाणांस न जाणे हीच त्यांची मोठी सेवा होय.

असो. चार दिवसांत आम्ही फार दूर गेलो नाही व फार खर्चही केला नाही. निवांतपणा म्हणजे आळस नव्हे. डोळे उघडे ठेवून सावकाश चालणे होय, हे आम्ही शिकलो. आणि ज्या गावी आपण विसाव्यास जातो तेथे कोणी ना कोणी राबत असतो, हेही विसरता कामा नये. येत्या सुट्टीत "कोठे जाणार?" असे कोणी विचारल्यास आम्ही मान खाली घालणार नाही. "कणकुंबीस, कौले परतावयास," असे आनंदाने सांगू. विद्यार्थिमित्रांनो, आपणही आपल्या एखाद्या वर्गबंधूच्या गावी असे चार दिवस काढून पाहा.