शक्यता म्हणजे किती?

मृग लागून चार दिवस झाले होते. पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरासमोर उन्हाळी कांद्याचा ढीग उघडाच होता. चाळ भरली होती आणि उरलेला माल नेप्तीच्या बाजारात न्यायचा होता. ओसरीवर बाजरीच्या बियाण्याच्या पिशव्या येऊन पडल्या होत्या. मोबाइलवर आलेला संदेश मी मोठ्याने वाचला, "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता." थोरले चुलते म्हणाले, "आरं, शक्यता राहू दे. पडंल का नाही, तेवढं सांग."

मला सांगता आलं नाही. रोज वाचतो, रोज बोलतो तो शब्द नेमकं किती सांगतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मराठीत 'शक्यता' हा एकच शब्द दोन कामं करतो. इंग्रजीत त्यासाठी 'पॉसिबिलिटी' आणि 'प्रोबॅबिलिटी' असे दोन शब्द आहेत. पहिल्यात एवढंच विचारलेलं असतं की असं घडू शकतं का, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्यात घडण्याचं प्रमाण विचारलेलं असतं आणि त्याचं उत्तर आकड्यात येतं. दहावीच्या गणितात या दुसऱ्या अर्थाला 'संभाव्यता' म्हणतात. फासा टाकला तर सहा पडण्याची संभाव्यता सहात एक. हा शब्द मात्र परीक्षेच्या वहीतून बाहेर आला नाही. बातमीत आणि बांधावर दोन्ही अर्थांना 'शक्यता'च उरली.

हवामान खात्याची मोजपट्टी

भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात मात्र या शब्दांना आकडे बांधून दिलेले आहेत. २५ टक्क्यांहून कमी असेल तर 'अनलाइकली', २५ ते ५० टक्के असेल तर 'लाइकली', ५० ते ७५ असेल तर 'व्हेरी लाइकली' आणि त्याच्या वर 'मोस्ट लाइकली'. म्हणजे पत्रकात नुसतं 'लाइकली' असेल, तर पाऊस न पडण्याचं पारडं पडण्याच्या पारड्याइतकं किंवा त्याहून जडच असतं. मराठीत येताना या पायऱ्या बहुतेकदा पुसल्या जातात. चाळीस टक्के असो की सत्तर, मथळ्यात 'पावसाची शक्यता'च छापून येते.

'तुरळक ठिकाणी' या शब्दांनाही माप आहे. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. आता दोन्ही एकत्र धरून ढोबळ हिशोब करा. 'लाइकली'चा सगळ्यात वरचा आकडा, ५० टक्के, घेतला आणि त्याचा पाव भाग काढला, तर एखाद्या ठरावीक गावाच्या वाट्याला आठात एक एवढीच संधी येते. ज्यांचं रान कोरडं राहिलं, ते सात जण "वेधशाळा पुन्हा चुकली" म्हणतात. पण भाकीत तेवढंच बोललं होतं. ते खरं की खोटं, हे एका दिवसावरून ठरतच नाही. तीस टक्के सांगितलेले शंभर दिवस घ्यावेत आणि त्यातल्या किती दिवशी पाऊस झाला ते मोजावं. तीसच्या आसपास भरले, तर सांगणारा बरोबर होता.

आपल्या जिल्ह्यात हे आणखी अवघड. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरचा. अकोले तालुक्यातल्या घाटघर, रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पारनेर, कर्जत, जामखेड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. भंडारदरा धरण भरून वाहत असताना इकडे पेरण्या खोळंबलेल्या असतात. अशा ठिकाणी 'जिल्ह्यात शक्यता' या दोन शब्दांवर कुणी बियाणं मातीत घालावं?

चुकलं तर काय जाईल?

त्या दिवशी चुलत्यांनी काय केलं, ते सांगतो. आधी कांद्यावर ताडपत्री ओढली आणि कडेने दगड ठेवले. मग बियाण्याच्या पिशव्या उचलून आतल्या खोलीत नेल्या. एकाच संदेशावर त्यांनी दोन निर्णय घेतले. कांद्यासाठी पाऊस येणार असं धरलं, पेरणीसाठी येणार नाही असं धरलं.

यात विसंगती अजिबात नाही. ताडपत्री टाकायला अर्धा तास लागतो. पाऊस आला नाही तर तेवढाच वाया जातो. कांदा भिजला तर सगळा ढीग सडतो. तिथे दहा टक्केही पुरेसे आहेत. पेरणीचं उलटं. पाऊस दडून बसला तर बियाणं, खत, मजुरी मातीत जाते आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. तिथे पन्नास टक्केही कमी पडतात. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगला वापसा आल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हाच विचार अख्ख्या गावासाठी केला. तिथे वर्षाचा पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. गावात पडलेला पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीला काय घ्यायचं ते त्यावर ठरवतात. ऊस आणि केळीला बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायलाही बंदी. न पडलेल्या पावसाच्या भरवशावर तिथे पीक उभं राहत नाही.

आमच्या चुलत्यांनी संभाव्यता हा शब्द कधी ऐकलेला नाही, पण तिचा उपयोग त्यांना पक्का ठाऊक आहे. त्यांना आकडा मात्र कुणी दिला नव्हता. तो देणं भाकीत मराठीत आणणाऱ्यांचं काम आहे: "पावसाची शक्यता, शंभरात चाळीस." दोन शब्द जास्त लागतील. त्यापुढचं काय झाकायचं आणि काय राखून ठेवायचं, ते शेतकरी ठरवील.