हिरव्या फुटव्यावर कात्री

पांढऱ्या कडेची तगर दारात असेल, तर पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी तिच्यापुढे उकिडवं बसावं लागतं. उभ्यानं बघून भागत नाही. फांद्या बाजूला सारून नजर बुंध्यापर्यंत न्यायची आणि तिथून एखादा सरळसोट, गडद हिरवा फुटवा निघालाय का ते शोधायचं. बहुतेकदा तो असतोच. पेरं लांब, पानं मोठी आणि तकतकीत, पांढऱ्याचा मागमूस नाही. अख्ख्या झाडात सगळ्यात धडधाकट तोच असतो, आणि कापायचाही तोच. कुंपणापलीकडून बघणाऱ्यांना हे पटत नाही. ‘अहो, एवढी छान वाढलीये की ती फांदी!’ छान वाढलीये, म्हणूनच.

साधी हिरवी तगर पुण्यात कुणाला नवी नाही. देवपूजेला पांढरं फूल हवं म्हणून वाड्यांच्या परसात ती असायचीच, आता बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या कडेनं असते. तिची ही पांढऱ्या कडेची बहीण मात्र नर्सरीतून आली. सोलापूर रस्त्यानं मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन करत गेलं की दोन्ही बाजूंना ज्या रोपवाटिका लागतात, तिथं हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांत ती ओळीनं मांडलेली दिसते. ‘व्हेरिगेटेड तगर’ म्हणून मागायची. बारमाही हिरवी, छाटणीला सोशीक, जमिनीत लावली तर माणसाच्या उंचीची होते. फुलं हिरवीपेक्षा कमी येतात. लावायची ती पानांसाठी.

पान तळहातावर घेऊन उन्हाकडे धरलं की ते दोनरंगी नाही, तीनरंगी आहे हे लक्षात येतं. कडेला दुधट पांढरा, मध्यभागी गर्द हिरवा, आणि दोन्हींच्या मध्ये जागोजागी राखी झाक असलेला तिसरा हिरवा. ही राखी जागाच खरी गंमत आहे. अशा झाडांच्या शेंड्याच्या टोकाशी पेशींचे थर एकावर एक असतात. त्यांतला एक थर हरितद्रव्य तयार करू शकत नाही, त्याच्या आतला करतो. पानाची कड जवळजवळ पूर्ण त्या रंगहीन थरातून घडते, म्हणून पांढरी. मध्यभागी आतला हिरवा थर भरून येतो. आणि जिथं हिरव्यावर रंगहीन पेशींचा पातळ पापुद्रा पसरलेला असतो, तिथं खालचा हिरवा राखी होऊन वर दिसतो. एर्विन बाउर या जर्मन शास्त्रज्ञानं 1909 मध्ये पांढऱ्या कडेच्या जिरेनियमवरून हा थरांचा उलगडा केला. म्हणजे एका पानात जनुकांनी वेगळ्या अशा दोन जाती एकत्र नांदत असतात. नांदणं सुखाचं नसतं. हिरवा भाग भराभर वाढतो, पांढरी कड मागे राहते, आणि त्या ओढाताणीत पान कडेला मुरडतं. नवखा माणूस मुरडलेलं पान बघून औषध फवारायला धावतो. औषधाची गरज नसते.

पांढरा भाग स्वतःचं अन्न करत नाही, हिरव्याच्या कमाईवर जगतो. त्यामुळे एखाद्या डोळ्यात थरांची मांडणी बिघडली आणि तिथून निव्वळ हिरवी फांदी फुटली, की तिला कुणाला पोसावं लागत नाही. सगळी कमाई तिची तिलाच. दोन पावसाळे दुर्लक्ष केलं तर झुडूप वरून हिरवं होतं आणि पांढरी पानं तळाला, सावलीत दबतात. म्हणून कात्री. ती अर्ध्यावर चालवून उपयोग नाही, कारण उरलेल्या खुंटावरचे डोळेही हिरवेच असतात. फांदी जिथून निघाली तिथपर्यंत, मूळ खोडाला चिकटून कापायची. चीक हाताला आणि कपड्यांना लागतो. जुना सदरा घालून बसलेलं बरं. क्वचित उलटंही होतं. शेंड्याला निव्वळ पांढऱ्या पानांचा झुबका येतो, फार देखणा. तो मी उन्हाळ्यापर्यंत राहू देते. एप्रिलच्या उन्हात तो करपतोच.

उन्हाचं गणित इथं साध्या तगरीसारखं नाही. पश्चिमेच्या भिंतीला लावली तर मेच्या दुपारी पांढऱ्या कडा तपकिरी होऊन कागदासारख्या चुरचुरतात. दाट सावलीत ठेवली तर फांद्या लांबुडक्या होतात आणि तिथं जोर धरतो तो हिरवा फुटवाच. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी एखाद्या झाडाची सावली, हे जमलं की निम्मं काम झालं. शेणखत पावसाळ्याच्या तोंडाशी घालावं. युरियाची मूठ मात्र हिला नको. लुसलुशीत वाढ झाली की पिठ्या ढेकूण पानांच्या बगलांत कापसासारखा जमलाच समजा.

पुण्याच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर आणखी एक घोटाळा होतो. नवी पानं पिवळी पडतात आणि बघणारा म्हणतो, वा, रंग खुलला! तो रंग नव्हे, लोहाची उपासमार असते. ओळखायची खूण शिरांत आहे. लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात आणि त्यांच्यामधली जागा पिवळी होते. पांढऱ्या कडेला शिरांची तमा नसते, तिची सीमा शिरा ओलांडत वेडीवाकडी जाते. आळ्यात पाणी साठू न देणं आणि भरपूर कुजलेला पालापाचोळा, यानं बराच फरक पडतो.

पावसाळ्यात कधी तरी सकाळी झाडाखालच्या फरशीवर हिरवट-काळ्या गोळ्या पडलेल्या दिसतात आणि वर दोन फांद्या ओक्याबोक्या. ही कण्हेरीवरच्या हॉक मॉथची अळी, तिला तगरही आवडते. बोटभर लांब, पानासारखी हिरवी, आणि पुढच्या अंगावर निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. ती खाते रात्रभर आणि सापडत नाही समोर असून. लेंड्यांच्या नेमक्या वर बघत गेलं की सापडते. मी तिला उचलून मागच्या कण्हेरीवर सोडते. हे पुण्य नव्हे. एक-दोन अळ्यांसाठी फवारा काढायचा कंटाळा.

नवं रोप करायचं ते छाट कलमानंच. मुळांच्या तुकड्यांतून फूट आली तर ती बहुधा निव्वळ हिरवी येते, कारण मुळांतले कोंब आतल्या थरातून निघतात. जुलैच्या झडीत पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट जून झालेली वीतभर फांदी घ्यायची. नुसती पानं बघून निवड करू नये, कोवळ्या खोडावरचे फिकट पट्टेही बघावेत. ज्या बाजूला खोड साफ हिरवं, तिथल्या डोळ्याचा भरवसा नाही. कापलेलं टोक पाण्यात धरून चीक थांबू द्यायचा, खालची पानं काढायची, वरची निम्मी कापायची, आणि रेती-कोकोपीटात खोचून वर पारदर्शक पिशवी घालायची. साधी तगर मुळं लवकर धरते. हिला वेळ लागतो, अन्न करणारं पान मुळातच थोडं म्हणून. खोचलेली काडी उपटून बघण्याचा मोह आवरला पाहिजे, एवढंच पथ्य.

कापलेले हिरवे फुटवेही वाया जात नाहीत. त्यांतले काही सासूबाईंनी मागच्या भिंतीशी खोचले होते. आता ती तगर छातीपर्यंत आली आहे आणि पूजेची परडी तिच्यावरच भरते. पुढच्या दारच्या झाडाबद्दल त्यांचं मत अजून बदललेलं नाही: ‘नुसती पानंच बघत बसायचं होतं, तर अळू लावायचं होतंस. भाजी तरी झाली असती.’