प्राणिसंग्रहालय दोन तास जास्त उघडं राहिलं तर?

आज आपण तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूला आलोय. सरफोजीराजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र इथलंच. याच राजांनी तंजावरच्या राजवाड्यात प्राणिसंग्रहालय उभं केलं होतं. आज ओरत्तनाडूत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा प्रश्न इथूनच विचारू: सुट्टीत गर्दी होते म्हणून प्राणिसंग्रहालय दोन तास जास्त उघडं ठेवलं, तर बिघडतं कुठं?

बघा, माणसं गेली की तिथलं महत्त्वाचं काम सुरू होतं. वाघ-बिबट्यांना रात्रीच्या पिंजऱ्यात घ्यायचं, खायला घालायचं, कोण खात नाही, कोण लंगडतंय ते पाहायचं. गर्दी रेंगाळली की हे सगळं लांबतं. सवयीच्या वेळेला प्राणी दाराशी येतो, दार उघडत नाही, मग त्याच्या येरझाऱ्या सुरू होतात. दिवे लावले तर पक्ष्यांची झोप मोडते.

तुम्ही म्हणाल, सिंगापूरची नाईट सफारी चालतेच की! पण 1994 साली ती बांधलीच रात्रीसाठी, मंद उजेडात.

आपल्याकडे 2009च्या नियमांनी आठवड्याची एक सुट्टी सक्तीची केली आहे. मुंबईची राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात. विश्रांती सरकते, बुडत नाही. वेळ वाढवतानाही हाच हिशेब हवा: संध्याकाळी दोन तास घेतले, तर सकाळी दोन तास परत द्या आणि राखणदारांची पाळी वाढवा.

आणि आपण? बंद व्हायची शिट्टी वाजली की निघायचं!