व्यायामाचा नेम

व्यायाम चांगला असतो हे कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. शाळेत असताना ‘व्यायामाचे महत्त्व’ या विषयावर आपण सगळ्यांनीच निबंध लिहिलेला आहे, आणि गुरुजींनी त्याला दहापैकी सहा-सात गुणही दिलेले आहेत. तेव्हा महत्त्वाचे पुराण मी आज लावीत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. महत्त्व पटलेले असूनही व्यायामाचा नेम मोडतो का? आणि तो मोडू नये म्हणून संसारी माणसाला काय करता येईल?

नेम मोडण्याची रीत बहुतेक घरांत सारखीच असते. दिवाळीनंतर थंडी पडली की हुरूप येतो. तांबडे फुटताच माणूस माळावर फेरी मारून येतो. पंधरा दिवस बरे जातात. मग पाहुणे येतात, मुलाला ताप भरतो, पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस परगावी जावे लागते. गुरुजी असतील तर निवडणुकीचे नाहीतर शिरगणतीचे काम निघते. परत आल्यावर ‘येत्या सोमवारपासून पुन्हा लागू’ असे ठरते. सोमवार येतात आणि जातात. अशा माणसाला आपण आरंभशूर म्हणून मोकळे होतो. मला मात्र वाटते की दोष माणसाच्या स्वभावात थोडा आणि त्याने लावलेल्या व्यवस्थेत फार असतो.

पुढे जाण्यापूर्वी एका शंकेचा विचार करू, कारण ती खेड्यात हमखास निघते. ‘आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?’ शंका रास्त आहे. रानातले कष्ट हेही शरीराचे चलनवलनच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ते हिशेबात धरते. पण आजचे रान आपल्या आजोबांचे रान राहिलेले नाही. नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटार उपसते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. पेरणी-काढणीच्या दिवसांत अंग मोडून काम असते, तर उन्हाळ्यात पुष्कळांना पारावर बसण्याखेरीज उद्योग नसतो. शिवाय कष्ट एकांगी असतात. भांगलण करणारी बाई सहा-सहा तास पुढे वाकलेली असते. तिच्या पाठीला पुन्हा वाकण्याची नव्हे, मागे ताणण्याची आणि विसाव्याची गरज असते.

बसून राहण्याने काय होते याचा एक बोलका दाखला लंडनच्या बसगाड्यांतून मिळाला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघेही एकाच गाडीवर. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर तिकिटे फाडण्यासाठी जिन्याने सारखा वर-खाली करणारा. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर उशिरा व सौम्य होत होता. टपाल वाटत हिंडणारे पोस्टमन आणि टेबलापाशी बसणारे कारकून यांच्यातही तसाच फरक आढळला. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, अशी शंका तेव्हा निघाली. मॉरिस यांनी गणवेशांची मापे काढून तीही तपासली, आणि तिच्यात काही तथ्य असल्याचे दिसलेही. परंतु पुढे निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला बळकटीच दिली. यातली ध्यानात धरण्याजोगी गोष्ट अशी की त्या कंडक्टरांनी कसलाही संकल्प सोडलेला नव्हता. कामाची मांडणीच अशी होती की पाय हलल्यावाचून चालत नव्हते.

हा प्रश्न आता परदेशाचा किंवा शहराचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. शहरात शंभरांत सोळा, तर ग्रामीण भागात शंभरांत जवळजवळ नऊ प्रौढ माणसे! साखरेचा आजार शेठजींचा, ही समजूत आता सोडून द्यावी लागेल.

मग व्यायाम किती हवा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा: प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि दोन दिवस तरी स्नायूंना बळकटी देणारा. दिवसाला हे बावीस मिनिटांच्या आसपास पडते. मध्यम श्रम कसे ओळखावे? झपझप चालताना बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये, एवढा दम लागला म्हणजे बरोबर. पूर्वी असे सांगत की एका वेळी निदान दहा मिनिटे तरी सलग व्यायाम हवा. ती अट आता काढून टाकली आहे. सकाळी सहा मिनिटे, संध्याकाळी दहा, असे तुकडेही जमेस धरतात. संसारी माणसाला ही फार मोठी सवलत आहे, बरं का!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नेम टिकतो कशाने? आपण समजतो, उत्साहाने. पण उत्साह पाहुण्यासारखा असतो. तो येतो आणि जातो, त्याच्या भरवशावर घर चालत नाही. पंढरीची वारी पाहा. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर वाट साठी उलटलेली माणसे पावसापाण्यातून चालतात. रोज सकाळी कोणी स्वतःला विचारीत नाही की, आज चालावेसे वाटते का? दिंडी निघण्याची वेळ ठरलेली, मुक्काम ठरलेला, सोबती ठरलेले. भक्ती तर असतेच, पण तिला व्यवस्थेची जोड असते. तोच वारकरी घरी परतला की अर्ध्या मैलावरच्या रानात मोटारसायकलवर जातो. माणूस तोच, भक्तीही तीच. भोवतालची मांडणी तेवढी बदलली.

ही मांडणी घरी कशी करावी? लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांनी ९६ माणसांवर केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. प्रत्येकाने एक नवी सवय निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली. जसे, ‘न्याहारीनंतर चालायला जाईन.’ सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागले? कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६ दिवसांचा. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर जडली, व्यायामाची उशिरा. म्हणून पंधरा दिवसांत कंटाळा आला तर आपल्यात काही उणे आहे असे समजू नये. मध्यावरसुद्धा आपण पोचलेलो नसतो, इतकेच. याच अभ्यासात आणखी एक दिलासा मिळाला. एखादा दिवस चुकल्याने सवयीचे फारसे बिघडत नाही. एक दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी मात्र थोडे का होईना, करावे.

तेव्हा पहिली युक्ती अशी की व्यायामाला घड्याळाच्या वेळेला बांधू नये, तर रोज न चुकणाऱ्या कामाला बांधावे. ‘सकाळी साडेपाचला’ असे म्हटले की वीज गेली, झोप लागली, धार काढायला उशीर झाला, की वेळ टळते आणि नेमही टळतो. ‘धार काढून झाली की लगेच’, ‘देवपूजा आटोपली की लगेच’ असे म्हटले की काम उशिरा झाले तरी व्यायाम त्याच्या मागोमाग येतो.

दुसरी युक्ती शिदोरीची. घरचे जेवण आणि वाटेवरची शिदोरी यांत फरक असतोच. कोणी चार वाट्या मांडून परगावी जात नाही, आणि ताट नाही म्हणून उपाशीही राहत नाही. व्यायामाचेही दोन प्रकार आधीच ठरवून ठेवावेत. घरी पूर्ण नेम, आणि प्रवासात, पाहुणचारात, आजारपणाच्या धावपळीत पाच-सात मिनिटांची शिदोरी. बारा सूर्यनमस्कारांना तेवढा वेळ पुरतो. त्याला जागा लागते ती आडवे झालेल्या माणसाच्या लांबीची, आणि साधन लागते ते फार तर एक सतरंजी. एस.टी. उशिरा येणार असेल तर बाकावर बसून राहण्यापेक्षा स्थानकाच्या आवारात फेऱ्या माराव्यात. गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले चालावे. पाहुण्यांच्या घरी लोक हसतील म्हणून पुष्कळांना संकोच वाटतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे तिथल्याच कोणाला तरी ‘चला दाजी, देवळापर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणून बरोबर घ्यावे.

सूर्यनमस्कारांचा विषय निघाला की औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांची आठवण होते. सातारा जिल्ह्यातल्या या राजाने स्वतः रोज नमस्कार घातले, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यांच्या प्रसारासाठी पुस्तकही लिहिले. १९३८ साली त्यांची पद्धत सांगणारे इंग्रजी पुस्तक लंडनमध्येही प्रसिद्ध झाले. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की हा नेम एकट्या राजाचा नव्हता. राणीसाहेब आणि मुलेही त्यात सामील होती. घरात एकटाच माणूस व्यायाम करू लागला की त्याचा व्यायाम इतरांच्या कामाआड येतो. सगळ्यांचा झाला की तो घराचा शिरस्ता बनतो.

इथे घरातल्या बायामाणसांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार २०२२ मध्ये आपल्या देशात शंभरांत सुमारे ४२ पुरुष आणि ५७ स्त्रिया यांचे चलनवलन पुरेसे नव्हते. आता घरात पाहावे तर बाई दिवसभर उभी असते! पण चुलीपुढचे उभे राहणे आणि मोकळ्या हवेत झपझप चालणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तिला नेम का जमत नाही? आळसामुळे नव्हे. तिच्या दिवसात तिच्या मालकीची वीस मिनिटे नसतात. धनी फिरून येतो तेव्हा चहा तयार असतो. ती फिरायला गेली तर चहा कोणी ठेवायचा? तेव्हा मंडळी, घरच्या लक्ष्मीला व्यायामाचा उपदेश करण्यापूर्वी पाणी भरणे, मुलांना उठवणे, चहा टाकणे यांतले एखादे काम आपल्याकडे घ्या, आणि तेही रोजचे. तो खरा उपदेश. आणि आळीतल्या दोघी-तिघी मिळून निघाल्या की सोबतही होते आणि निंदकांची तोंडेही बंद होतात.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच विनवीन की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकू नका. मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल हवी असते. प्रार्थनेनंतर मुलांबरोबर तुम्हीही पाच नमस्कार घातलेत तर तुमचा नेम आपोआप साधेल, आणि बदली झाली तरी तो तुमच्याबरोबर नव्या गावी येईल, कारण प्रार्थना प्रत्येक शाळेत असतेच.

सावधगिरीचे दोन शब्द. छातीत दुखते, थोड्या श्रमाने धाप लागते, रक्तदाब किंवा साखर वाढलेली आहे, कंबरेचे दुखणे आहे, दिवस गेलेले आहेत, अशांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावे. आणि भरल्या पोटी व्यायाम करू नये.

बाकी तयारी काहीच नको; जोडे नकोत की मुहूर्त नको. आज निजण्यापूर्वी घरात सगळ्यांनी मिळून दोनच गोष्टी ठरवा. उद्या कोणत्या कामानंतर व्यायाम करायचा, आणि त्या वेळी घरातले कोणते काम कोणी उचलायचे. एवढे ठरले की निम्मा नेम पार पडला.