नदीकाठची मिश्र झाडी आणि कर्बाचा हिशेब

श्रीक्षेत्र नृसिंहवाडीस कृष्णा व पंचगंगा यांचा संगम आहे आणि दत्तपादुकांचे स्थान औदुंबरातळी आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुराचे पाणी पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडले की भाविक त्यात स्नान करून धन्य होतात. परंतु तेच पाणी मळीच्या जमिनीची कड खचवून नेते, याचा अनुभव शिरोळ तालुक्यातील बागाईतदारांस सन २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत पुरेपूर आलेला आहे. ऊस थेट धारेपर्यंत नेण्याचा प्रघात पडल्यामुळे काठची माती धरून ठेवणारी खोल मुळे तेथे उरली नाहीत.

काठावर झाडी हवी, याविषयी मतभेद नसावा. ती कोणती, हा प्रश्न आहे. निलगिरीची एकच रांग लावणे सोपे, आणि लाकूडही लवकर हाती येते. पण आमचा कौल उंबर, करंज, जांभूळ, अर्जुनसादडा व वाळुंज या आपल्याच काठच्या झाडांच्या मिश्रणास आहे. कोणाचे मूळ खोल जाते, कोणाचे पसरते. कोणास ऊन लागते, कोणी सावलीत वाढते. एकावर कीड पडली तरी सगळी रांग जात नाही. उंबराच्या फळांवर पाखरे येतात आणि इतर झाडांचे बी विनामजुरीने टाकून जातात. चीनच्या जिआंगशी प्रांतात सोळा जातींची मिश्र लागवड व एकेका जातीची लागवड शेजारी शेजारी करून पाहिली. आठ वर्षांत मिश्र लागवडीने सरासरी एकजातीच्या लागवडीच्या दुपटीहून अधिक कर्ब साठविला, असे सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा कर्ब म्हणजे काय? झाड हवेतील कर्बवायु पानांवाटे घेते आणि त्यातील कर्बाचे लाकूड करते. वाळलेल्या लाकडाचे सुमारे निम्मे वजन कर्बाचे असते. म्हणजे २०० किलो सुक्या लाकडात १०० किलो कर्ब, आणि तो सुमारे ३६७ किलो कर्बवायूमधून आलेला असतो. साधारण १३५ लिटर डिझेल जाळल्यावर जितका वायु निघतो, तितका हा होय. मात्र झाड तोडून चुलीत घातले की तो हवेत परततो. हिशेब झाड उभे असेपर्यंतचाच.

लागवडीत घाई करू नये. जूनमध्ये लावलेली हातभर रोपे जुलै-ऑगस्टच्या गाळात गाडली जातात. सखल पट्टीत पूर ओसरल्यावर, आश्विनाच्या सुमारास, कमरेच्या वर वाढलेली रोपे लावावीत व पहिली दोन उन्हाळी पाणी द्यावे. काळ्या मातीत खड्ड्यात पाणी साचून मूळ कुजते, म्हणून रोप किंचित उंचवट्यावर बसवावे. नदीच्या पात्रात मात्र एकही झाड लावू नये. पाण्याची वाट अडवून शेजाऱ्याचे नुकसान करण्यात काय अर्थ?

सावलीने उसाच्या एकदोन सऱ्या कमजोर होतील, हे आम्ही लपवीत नाही. कर्बाचे श्रेय विकून ती तूट भरून निघेल, अशा आशेवर कोणी राहू नये. तशी बोलणी कोणी करू आल्यास करार किती वर्षांचा, आणि पुरात झाडे गेल्यास भरपाई कोणाच्या माथी, ही दोन कलमे आधी वाचून घ्यावीत.