एकच वायू: विष आणि निरोप्या

6 जानेवारी 2022 रोजी सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत नाल्यात सोडलेल्या रसायनातून विषारी वायू पसरला आणि सहा कामगार दगावले. नवागाम-डिंडोलीसारख्या मराठीबहुल कामगार वस्त्यांना अशा नाल्यांची भीती वाटते, ती मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडमुळे. पण हाच वायू आपला मेंदू अत्यल्प प्रमाणात, निरोप्या म्हणून, स्वतः बनवतो. तो मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील एनएमडीए ग्राहींचा, म्हणजे चेतापेशींवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचा, प्रतिसाद वाढवतो, असे आबे आणि किमुरा या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवले. हे ग्राही म्हणजे चेतापेशीत कॅल्शियम शिरण्याची एक मुख्य वाट. मेंदूच बनवत असलेल्या नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्या वायूचे कॅल्शियमशी नाते दुहेरी आहे: पेशीत कॅल्शियम वाढले की तो वायू बनवणारे विकर कामाला लागते आणि बनलेला वायू याच ग्राहींना आवरू शकतो.

प्रयोगांतील मात्रा नैसर्गिक मात्रेहून बरीच जास्त असते, हा आक्षेप रास्त आहे. मेंदूतील सल्फाइडची सुरुवातीची मोजमापे पुढे फुगलेली ठरली. तरीही नायट्रिक ऑक्साइडच्या बाबतीत, बाहेरून वायू न देता केवळ विकर रोखले, तरी चेतापेशींचे वर्तन बदलते. मग थोडा वायू हुंगलेला चालेल का? मुळीच नाही. पेशी आपला वायू मोजून-मापून बनवते. श्वासातून आलेल्या सल्फाइडला असा लगाम नसतो. ते मायटोकॉन्ड्रियातील श्वसनविकर रोखते, ऊर्जा आटते, कॅल्शियम बाहेर फेकणारे पंप थंडावतात आणि साचलेले कॅल्शियम पेशीच्याच जिवावर उठते.