घरच्या संगणकावर बहुमाध्यम पाठाची निर्मिती : वृत्तपाठाच्या उदाहरणाने

प्रस्तावना

मजकूर, चित्र, ध्वनी, चलच्चित्र आणि विद्यार्थ्याचा प्रतिसाद या घटकांची एका संगणकीय पाठात जुळणी करणाऱ्या प्रणालीस ऑथरिंग सॉफ्टवेअर असे म्हणतात. व्याख्यानासोबत सरकपट्ट्या दाखविणे आणि असा पाठ रचणे यांत मूलभूत फरक आहे. सरकपट्टीचा क्रम शिक्षकाच्या हाती असतो. बहुमाध्यम पाठात मात्र विद्यार्थी काय निवडतो यावर पुढे काय दिसेल हे ठरते. अशा पाठाची निर्मिती हे खर्चिक स्टुडिओचे काम आहे, हा समज महाविद्यालयीन अध्यापकांमध्ये अजूनही आढळतो. वस्तुतः साधा लॅपटॉप, हेडसेटचा मायक्रोफोन आणि विनामूल्य मिळणारी दोन-तीन सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर एक अध्यापक घरबसल्या हे काम करू शकतो. प्रस्तुत लेखात 'भुजंगप्रयात वृत्ताची ओळख' हा एकच छोटा पाठ उदाहरणादाखल घेऊन या निर्मितीचे टप्पे स्पष्ट केले आहेत. लय ही कानाने कळणारी गोष्ट असल्याने फळ्यावर लघु-गुरूची चिन्हे काढून ती पुरेशी पोहोचत नाही. म्हणूनच हा विषय बहुमाध्यमाला विशेष अनुकूल आहे.

साधनांचा इतिहास आणि त्यातील धोका

१९८७ मध्ये बिल ॲटकिन्सन यांनी ॲपल कंपनीसाठी तयार केलेले हायपरकार्ड हे या प्रकारातील पहिले लोकप्रिय साधन होय. पत्त्यांसारखी एकावर एक रचलेली कार्डे आणि त्यांवरील कळी, एवढ्या साध्या कल्पनेवर ते उभे होते. त्यानंतर मॅक्रोमीडियाच्या डायरेक्टरने रंगभूमीचे रूपक आणले. पडदा म्हणजे रंगमंच, चित्रे व ध्वनी म्हणजे पात्रे आणि त्यांच्या हालचालींचा काळानुसार मांडलेला आलेख, अशी ती योजना होती. ऑथरवेअरमध्ये पाठ प्रवाहरेषेवरील चिन्हांनी रचला जाई. फ्लॅशने तर हे सारे जालावर आणले.

ही सर्व साधने आज इतिहासजमा झाली आहेत. हायपरकार्डची विक्री २००४ मध्ये थांबली, ऑथरवेअरचा विकास २००७ मध्ये बंद झाला, डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये संपली आणि फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला. मूळ निर्मिती-फाईल ज्या अध्यापकांनी जपली नाही, त्यांच्या सीडी सुस्थितीत असूनही त्यांवरील पाठ आजच्या संगणकावर सहजासहजी उघडत नाहीत. रफल या मुक्त अनुकरण-प्रणालीमुळे फ्लॅशमधील पुष्कळसे साहित्य पुन्हा पाहता येते, हा एक दिलासा आहे. तथापि त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने सॉफ्टवेअर निवडताना 'यात काय काय करता येते' हे पाहण्याआधी 'यातून काय बाहेर काढता येते' हे पाहावे. चित्रे, ध्वनी आणि मजकूर स्वतंत्रपणे परत मिळत नसतील, तर ते साधन कितीही आकर्षक असले तरी टाळलेले बरे.

या निकषावर दोन साधने उतरतात. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेले व पुढे स्पेनमध्ये वाढलेले ई-एक्स-ई-लर्निंग हे मजकूरप्रधान पाठासाठी उपयुक्त आहे. त्यातून संपूर्ण पाठ साध्या संकेतस्थळाच्या रूपात किंवा मूडलमध्ये ठेवता येईल अशा स्कॉर्म पुडक्याच्या रूपात मिळतो. दुसरे साधन म्हणजे एमआयटी मीडिया लॅबचे स्क्रॅच. ते २००७ मध्ये लहान मुलांसाठी आले, म्हणून प्राध्यापकवर्ग त्याकडे काहीसा तुच्छतेने पाहतो. हा दृष्टिकोन योग्य नाही. रंगमंच आणि पात्रे हे डायरेक्टरशी नाते सांगणारे रूपक स्क्रॅचमध्ये जिवंत आहे, आणि २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याचे फ्लॅशवरील अवलंबन संपले आहे. शिवाय स्क्रॅचची फाईल ही प्रत्यक्षात एक झिप पुडके असून त्यातील चित्रे व ध्वनी केव्हाही वेगळे काढता येतात. जेथे काळाशी मेळ साधायचा आहे, तेथे स्क्रॅच अधिक सोयीचे पडते. वृत्तपाठाची गरज नेमकी तीच आहे.

कागदावरील आराखडा

संगणक सुरू करण्यापूर्वी पाठ कागदावर उतरवावा. एका कोऱ्या कागदावर सहा चौकटी आखून प्रत्येकीत डोळ्यांना काय दिसेल, कानांना काय ऐकू येईल आणि विद्यार्थी काय करील या तीन गोष्टी लिहाव्यात. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ती चौकट बहुमाध्यम पाठाची नसून चित्रफितीची आहे असे समजावे.

भुजंगप्रयातात प्रत्येक चरणी चार य-गण, म्हणजे लघु-गुरु-गुरु हा क्रम चार वेळा येऊन बारा अक्षरे होतात. 'मनाचे श्लोक' याच वृत्तात आहेत. परंतु पाठासाठी 'सकाळी नदीच्या किनारी उभा तो' अशी एखादी साधी ओळ स्वतः रचणे चांगले. विद्यार्थ्याला पाठ असलेली ओळ दिल्यास तो कान न वापरता आठवणीने उत्तर देतो. आराखडा पुढीलप्रमाणे असू शकेल : प्रथम ओळ ऐकू येते व प्रत्येक अक्षर उच्चाराच्या क्षणी उजळते, नंतर तीच ओळ चिन्हांविना दिसते व विद्यार्थी एकेका अक्षरावर टिचकी मारून लघु की गुरु ते ठरवितो, चुकल्यास केवळ 'चूक' असे न म्हणता तो गण पुन्हा ऐकविला जातो.

रिचर्ड मेयर यांनी 'मल्टिमीडिया लर्निंग' या २००१ च्या ग्रंथात मांडलेली तत्त्वे येथे उपयोगी पडतात. पार्श्वसंगीत, नाचणारी अक्षरे यांसारखी विषयबाह्य सजावट आकलनास बाधक ठरते, तसेच चित्रासोबत निवेदन चालू असताना तेच निवेदन पडद्यावर लिहून दाखविल्याने लाभ होत नाही, असे ते सांगतात. वृत्तपाठात ओळीचा मजकूर मात्र दाखवावाच लागतो, कारण येथे अक्षर हाच अभ्यासविषय आहे. नियमामागील कारण ध्यानी घेतले की अपवाद कोठे करावा हेही उमगते.

ध्वनी

ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. घरात पंखा बंद करून, खिडकीचे पडदे ओढून, शक्यतो कपाट-गाद्या असलेल्या खोलीत मुद्रण करावे. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. आरंभी चार-पाच सेकंद काहीही न बोलता मुद्रण चालू ठेवावे. त्या शांततेतील खरखरीचा नमुना घेऊन सॉफ्टवेअर पुढील आवाजातील खरखर कमी करते.

फाईलचा आकार हा नवशिक्याला न दिसणारा प्रश्न आहे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट आणि दोन वाहिन्या असतात. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. वीस सेकंदांच्या चार चरणांना सुमारे साडेतीन मेगाबाइट लागतात. तोच आवाज एका वाहिनीत व ६४ किलोबिट दराने एमपीथ्री स्वरूपात साठविल्यास अवघे १६० किलोबाइट पुरतात, आणि बोलण्याच्या आवाजात ऐकणाऱ्यास फारसा फरक जाणवत नाही. मोबाइलवर पाठ उघडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही बचत महत्त्वाची आहे. मूळ असंपीडित फाईल मात्र स्वतंत्र जपून ठेवावी. एकदा गमावलेला तपशील एमपीथ्रीतून परत मिळत नाही.

मराठी अक्षर आणि संगणकाचे अक्षर

येथे खरी अडचण सुरू होते आणि परदेशी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख सापडत नाही. उपरोक्त ओळीत मराठी वाचकाच्या लेखी बारा अक्षरे आहेत. स्क्रॅचला तिची लांबी विचारली असता उत्तर येते २७. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त आणि रिकामी जागा यांपैकी प्रत्येकास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान असल्याने 'च्या' या एका अक्षराची संगणकाच्या लेखी चार चिन्हे होतात. ओळीतील अक्षरे एकामागून एक आपोआप उजळविण्याचा प्रयत्न केल्यास काना अक्षरापासून सुटून वेगळा दिसू लागतो. यावर साधा उपाय म्हणजे ओळ न तोडता बारा अक्षरांची यादी हाताने करणे. काम कंटाळवाणे आहे, पण पंधरा मिनिटांचे आहे.

मजकूर युनिकोडमध्येच असावा हे सांगण्याची वेळ आता येऊ नये, तथापि जुन्या टंकांतील प्रश्नसंच अजूनही अनेक विभागांत पडून आहेत. तो टंक नसलेल्या संगणकावर त्यांची निरर्थक चिन्हे होतात; म्हणून ते आधी परिवर्तित करून, विशेषतः जोडाक्षरे तपासून घ्यावेत. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद परिवर्तनात हमखास बिघडतो. ई-एक्स-ई-लर्निंगमध्ये पाठाची भाषा मराठी अशी नोंदविल्यास, काही टंकांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे आपोआप उमटतात.

काळाचा मेळ

य-गणात पाच मात्रा, चरणात वीस. एका मात्रेस पाव सेकंद धरल्यास चरण पाच सेकंदांत पूर्ण होतो आणि अक्षरांच्या प्रारंभवेळा ०, ०.२५, ०.७५, १.२५, १.५० अशा पुढे जातात. स्वाभाविकपणे नवशिका प्रत्येक अक्षरानंतर 'इतके सेकंद थांबा' ही आज्ञा देतो. पहिला चरण ठीक चालतो, चौथ्या चरणापर्यंत प्रकाश आवाजाच्या मागे पडलेला असतो. याचे कारण असे की स्क्रॅच सेकंदाला तीस चौकटी दाखविते व प्रत्येक थांबा पुढील चौकटीपर्यंत किंचित लांबतो. असे अठ्ठेचाळीस थांबे मिळून चूक दीड सेकंदापर्यंत पोहोचू शकते. उपाय सोपा आहे : थांबे मोजण्याऐवजी आवाज सुरू होताच घड्याळ शून्यावर आणावे आणि 'घड्याळ अमुक वेळेपुढे जाईपर्यंत थांबा' अशी आज्ञा द्यावी. प्रत्येक वेळ आरंभापासून मोजली गेल्याने चूक साचत नाही.

माणूस अर्थातच पाव सेकंदाच्या मापाने म्हणत नाही. म्हणून ऑडॅसिटीमध्ये ध्वनिलहर पाहून प्रत्येक अक्षराच्या आरंभी खूण करावी. या खुणांची वेळांसह मजकूर-फाईल मिळते आणि तिच्यातील प्रारंभवेळा स्क्रॅचच्या यादीत घेता येतात.

हक्क आणि जतन

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापरास सवलत आहे. परंतु तोच पाठ सर्वांसाठी जालावर ठेवणे ही वेगळी बाब होय. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. समर्थांच्या रचनेवर आज कोणाचाही हक्क नाही, पण एखाद्या गायकाने गायिलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणावर तो असू शकतो. अध्यापकाने स्वतःच्या आवाजात म्हटल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय वर्गातील ओळखीचा आवाज विद्यार्थ्याला जवळचा वाटतो.

पाठ पूर्ण झाल्यावर टर्बोवार्पच्या पॅकेजर या विनामूल्य साधनाने स्क्रॅचची फाईल एका एचटीएमएल फाईलमध्ये बांधता येते. ती इंटरनेटविना कोणत्याही अद्ययावत ब्राउझरमध्ये उघडते. वितरणासाठी ती द्यावी. जतनासाठी मात्र एका वेगळ्या फोल्डरमध्ये असंपीडित ध्वनी, मूळ चित्रे, अक्षरांची व वेळांची यादी साध्या मजकूर-फाईलमध्ये, आणि आराखड्याच्या कागदाचे छायाचित्र ठेवावे. या फोल्डरची एक प्रत घरी व एक विभागात असावी. पुढे स्क्रॅचही मागे पडले, तरी एवढ्या सामग्रीवरून दुसरा अध्यापक तोच पाठ नव्या साधनात दोन-तीन दिवसांत उभा करू शकेल.